कंधारचा किल्ला आणि मलिक अंबर

मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेल्या कंधार गावाला लागूनच एक विस्तीर्ण भुईकोट किल्ला आहे. सभोवती रुंद खंदक, एकामागे एक उभी राहिलेली दुहेरी तटबंदी, वळणावळणाने आत नेणारे दरवाजे आणि तोफांसाठी बांधलेले भक्कम बुरूज. आत मात्र पडके महाल, गवताने झाकलेले चौथरे आणि कोरड्या कारंज्यांच्या खुणा. नांदेड जिल्ह्यातल्या या किल्ल्यात आज कोणी राहत नाही. एवढा प्रचंड खर्च करून या सपाट मुलखात कोणी आणि कशासाठी असा कोट बांधला असेल, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा, इतका तो आजच्या जगापासून तुटलेला दिसतो.

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : सरहद्द. कंधार, उदगीर आणि औसा हे तीन भुईकोट म्हणजे आजच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून जाणाऱ्या एका जुन्या सीमारेषेवरचे पहारेकरी. पश्चिमेला अहमदनगरची निजामशाही, दक्षिणेला विजापूरची आदिलशाही, पूर्वेला गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि मध्येच बिदरची बरीदशाही. या चार सत्तांच्या हद्दी जिथे एकमेकींना घासत होत्या, तिथे हे किल्ले उभे होते. त्यामुळे त्यांचे धनी सतत बदलत राहिले. बहमनी राज्य मोडले तेव्हा ते कासीम बरीदाच्या वाट्याला आले; पुढे बुऱ्हाण निजामशहाने ते बरीदशाहीकडून हिसकावून घेतले; सोळाव्या शतकाच्या अखेरीस कंधारवर विजापूरचा अंमल होता. आका रुमी या तुर्की अधिकाऱ्याचे नाव येथील फार्सी शिलालेखांत आढळते, ते याच काळातले.

कंधारचा इतिहास याहूनही जुना आहे. राष्ट्रकूटांच्या काळात हे कंधारपूर म्हणून प्रसिद्ध होते. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळाशी या नगराचे नाते सांगणारा शिलालेख येथे सापडला आहे आणि जगत्तुंग सागर या तलावाच्या नावात राष्ट्रकूटांचीच आठवण आहे. परंतु या किल्ल्याच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण पाहुणा कोणी राजा नव्हता. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला एक हबशी होता. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबरचे चरित्र बहुतेकांना खडकीपासून ठाऊक असते. त्याने वसवलेल्या या गावाचे पुढे औरंगाबाद झाले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. तेथील नहर, तेथील दरवाजा, खुलताबादची कबर या त्याच्या उघड खुणा. मात्र खडकी वसण्यापूर्वीचा अंबर, म्हणजे ज्याच्याकडे ना राजधानी होती ना हक्काचा कोट, तो समजून घ्यायचा तर त्याचा मागोवा नांदेड-औसा-कंधार याच टापूत घ्यावा लागतो.

अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला जात अरबस्तान, बगदाद असा प्रवास करीत राहिला. बगदादच्या मालकाने त्याची हुशारी ओळखून त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नाव ठेवले. सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभी तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतः हबशी होता, कधीकाळी गुलामच होता आणि आता राज्याचा कारभार पाहत होता. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते. गुलामाला सरदार आणि सरदाराला पेशवा होता येते, हे अंबरने त्याच्या घरात डोळ्यांनी पाहिले.

चंगेजखानाचा दरबारी कारस्थानात बळी गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. स्वातंत्र्य मिळाले, पण आधार गेला. पुढची वीस वर्षे अंबर भाडोत्री शिपाई म्हणून दख्खनभर फिरला. विजापूरच्या चाकरीत त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५च्या सुमारास तो अहमदनगरच्या आश्रयाला परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली दीडशेच्या आसपास स्वारांचा नायक झाला. वय पन्नाशीकडे झुकलेले आणि हाती दीडशे घोडी. सामान्य माणसाची कारकीर्द जिथे मावळते, तिथे अंबरची सुरू झाली.

ऑगस्ट १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी त्याआधीच मारली गेली होती. बाल निजामशहा कैद झाला. राजधानी गेली, राजा गेला, तिजोरी गेली; तरीही मुलूख मोगलांच्या हाती आला नाही, कारण तो अंबरसारख्या फुटकळ सरदारांनी धरून ठेवला होता. त्याने शाह अली या राजवंशातील पुरुषाच्या मुलाला परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. मोडलेल्या राज्याचे दोन भाग झाले होते. दौलताबादेपासून उत्तरेचा आणि पश्चिमेचा मुलूख राजू दख्खनी या सरदाराकडे, तर तेलंगणाच्या हद्दीपासून अहमदनगरच्या अगदी उंबरठ्यापर्यंतचा मुलूख अंबरकडे. आजचे नांदेड आणि लातूर हे जिल्हे याच दुसऱ्या भागातले.

याच भागात अंबर पहिल्यांदा मोठ्या मोगल फौजेला सामोरा गेला आणि हरला. १६०२ मध्ये खानखानान अब्दुर्रहीम याने आपला तरुण मुलगा मिर्झा इरज याला त्याच्यावर पाठवले. हिंदीतील दोह्यांमुळे आपण ज्याला रहीम म्हणून ओळखतो, तोच हा सेनापती. नांदेडजवळ तुंबळ लढाई झाली. अंबर गंभीर जखमी होऊन पडला. रणांगणातच तो मोगलांच्या हाती लागायचा, पण त्याच्या हबशी आणि दख्खनी साथीदारांनी जिवावर उदार होऊन त्याला उचलून नेले.

ही लढाई अंबरच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. पराभवानंतर अशा सरदारांच्या फौजा सहसा विखुरतात. अंबरची विखुरली नाही. जखमा भरताच त्याने पुन्हा माणसे जमवली. खानखानान अनुभवी होता. एकदा हरवून हा माणूस संपणार नाही, हे त्याने ओळखले आणि तहाचा हात पुढे केला. दोघांची भेट झाली, हद्दी ठरल्या. गुलाम म्हणून आलेल्या माणसाशी मोगल साम्राज्याच्या सुभेदाराने सीमारेषा आखून घेतली होती. हा तह म्हणजे अंबरच्या सत्तेला मिळालेली पहिली मान्यता होती आणि ती नांदेडच्या पराभवातून आली होती.

बाहेरचा शत्रू शांत झाला तेव्हा घरातले उठले. अंबरचे वाढते वजन खुपणारे काही सरदार त्याला सोडून थेट निजामशहाला जाऊन मिळाले. निजामशहाचा मुक्काम तेव्हा औशाच्या परिसरात होता. ज्याला आपण गादीवर बसवले, ज्याला मुलगी दिली, तोच जावई आपल्याविरुद्ध फौज घेऊन उभा आहे, हे अंबरला औशाच्या माळावर पाहावे लागले. त्याने बंडखोरांना हरवले, परंतु राजाला हात लावला नाही. त्याच्याशी समेट केला. अंबरचे शहाणपण येथे दिसते. हबशी असल्यामुळे त्याला स्वतः गादीवर बसता येणार नव्हते. राजाच्या नावाशिवाय त्याची सत्ता म्हणजे नुसती पुंडाई ठरली असती. दुबळा, संशयी, पण कायदेशीर राजा त्याला हवाच होता. पुढे १६०७ मध्ये त्याने राजू दख्खनीचा पराभव करून त्याला कैद केले आणि निजामशाहीचा उरलेला मुलूख एका हाताखाली आला.

एवढे झाले तरी एक उणीव राहिलीच होती. अंबरचे युद्धतंत्र हे फिरत्या माणसाचे तंत्र होते. समोरासमोरची लढाई टाळायची, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, शत्रूला डोंगराळ मुलखात ओढून थकवायचे. या लढ्यासाठी त्याने मराठा बारगीर मोठ्या संख्येने जवळ केले. परंतु असे लढणाऱ्याला बायकामुले आणि खजिना पाठीवर बांधून फिरता येत नाही. ती सुरक्षित ठेवायला एक अभेद्य जागा लागते. जहांगीर बादशहा झाल्यावर दख्खन जिंकण्याची नवी मोहीम आखली गेली आणि १६०८ मध्ये खानखानान पुन्हा दक्षिणेत आला, तेव्हा ही गरज निकडीची झाली.

अंबरने विजापूरकडे मदत मागितली. अहमदनगर पूर्ण बुडाले तर पुढचा घास आपणच, हे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाला समजत होते. तहात त्याने अंबरला जे दिले त्यात कंधारचा किल्ला होता. अंबरचे कुटुंब राहावे, खजिना आणि धान्यसामग्री साठवता यावी, यासाठी हा मजबूत कोट त्याच्या स्वाधीन करण्यात आला. जोडीला दहा हजार घोडेस्वार आणि त्यांच्या खर्चासाठी मुलूख नेमून दिला. हा तह सोयरिकीने पक्का झाला. विजापूरच्या एका मातब्बर हबशी सरदाराची मुलगी अंबरच्या मुलाला दिली गेली. १६०९च्या अखेरीस झालेल्या या लग्नात आदिलशहाने वधूला मोठे आंदण दिले आणि नुसत्या दारूकामावर ऐंशी हजार रुपये उडवले.

कंधारच्या पडक्या महालांकडे पाहताना हा प्रसंग आठवायला हवा. लहानपणी घरातून तुटलेला, बाजारात उभा केला गेलेला, तीन-चार मालकांची नावे लावलेला हा माणूस साठी ओलांडल्यावर आपल्या माणसांसाठी एक सुरक्षित घर मागत होता आणि एक सुलतान ते त्याला देत होता. राज्याच्या हिशेबात ती लष्करी तरतूद होती. अंबरच्या आयुष्याच्या हिशेबात तिचा अर्थ त्याहून मोठा असणार.

कंधारचा आसरा मिळताच अंबरचे हात मोकळे झाले. पुढच्याच वर्षी त्याने खानखानानाच्या फौजेला बालाघाटात उपासमारीला लावले, मोगलांना मानहानीकारक तह करून माघार घ्यावी लागली आणि १६१० मध्ये अहमदनगरचा किल्ला निजामशाहीकडे परत आला. त्याच वर्षी निजामशाहीची राजधानी दौलताबादेत आली आणि खडकीची उभारणी सुरू झाली. या सुमारास त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी स्वार असल्याची नोंद आहे. या दख्खनी फौजेत लखुजी जाधवराव आणि भोसले घराण्यातील पुरुष होते. शिवकालात ज्या युद्धतंत्राने मोगलांना जेरीस आणले, त्याची तालीम या पिढीने अंबरच्या मोहिमांतून घेतली.

अंबर नुसता लढवय्या नव्हता. जमिनीची प्रतवारी, पिकाच्या उत्पन्नावर ठरणारा सारा, रयतेच्या मिरासी हक्कांना दिलेले संरक्षण ही त्याची व्यवस्था दख्खनच्या महसुली इतिहासात शतकानुशतके आदर्श मानली गेली. १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रोके या डच व्यापाऱ्याने त्याच्या उंचपुऱ्या बांध्याची आणि त्याच्या मुलखातील कडक बंदोबस्ताची आवर्जून नोंद केली आहे.

नांदेडच्या रणातला तो तरुण मात्र अंबरच्या आयुष्यातून गेला नव्हता. मिर्झा इरजला जहांगीराने शाहनवाजखान हा किताब दिला होता. १६१६च्या फेब्रुवारीत, नांदेडच्या लढाईनंतर चौदा वर्षांनी, जालन्याजवळ रोषणगावला दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि पुन्हा इरजच जिंकला. अंबरचे काही मातब्बर सरदार आधीच फितूर झाले होते. मोगलांनी खडकी जाळली. याच सुमारास अबुल हसन या चित्रकाराने जहांगीरासाठी ते प्रसिद्ध चित्र काढले, ज्यात बादशहा भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबरच्या शिराला बाण मारताना दिसतो. प्रत्यक्षात जहांगीराला ते शिर कधीच मिळाले नाही. आज ते चित्र डब्लिनच्या संग्रहालयात आहे.

कंधार या नावाने अंबरला आणखी एका वळणावर गाठले, पण ते कंधार निराळे. १६२२ मध्ये इराणच्या शाह अब्बासने अफगाणिस्तानातील कंदाहार मोगलांकडून घेतले. ते परत घेण्यासाठी जाण्याचा हुकूम शाहजादा खुर्रमला झाला. उत्तरेत गेलो तर दख्खन आणि गादी दोन्ही हातची जातील, या भीतीने त्याने बंड पुकारले. दख्खनवरचा मोगलांचा दाब काही काळ सैल झाला. पुढे ज्या खुर्रमने अंबरला दोनदा तहाला भाग पाडले होते, तोच त्याच्या मदतीने बुऱ्हाणपूरला वेढा घालून बसला. दूरच्या एका सरहद्दीवरचा किल्ला पडल्याने या सरहद्दीवरच्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली.

परंतु याच गोंधळात विजापूर मोगलांच्या बाजूला गेले. ज्याने कंधार दिले, तोच आदिलशहा आता शत्रू झाला. १६२४ मध्ये अंबर कुटुंब आणि चीजवस्तू दौलताबादेत ठेवून कंधारच्या दिशेने निघाला. कारण दिले ते कुतुबशाहीकडे थकलेल्या दोन वर्षांच्या खंडणीचे. पंधरा वर्षांपूर्वी जिथे त्याने आपली माणसे सुरक्षित ठेवली होती, तो टापू आता मोहिमेचा पहिला मुक्काम झाला होता. गोवळकोंड्याची बाजू अशी निश्चिंत करून त्याने अचानक बिदरवर झेप घेतली, तेथील विजापुरी फौज उधळली आणि थेट विजापूरला वेढा घातला. विजापूर आणि मोगल यांची जोडफौज मागे लागताच तो हटत हटत तिला भातवडीला घेऊन गेला. तलावाचे पाणी शत्रूच्या तळावर सोडले, रसद तोडली आणि रात्रीच्या छाप्यांनी जर्जर झालेल्या त्या फौजेचा धुव्वा उडवला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. याच लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले. अंबरचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर मरण पावला. ज्या मोगल दरबारात त्याचा उल्लेख शिवीगाळीवाचून होत नसे, तेथील इतिहासकार मुतमदखानानेही त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याचे युद्धकौशल्य, न्यायबुद्धी आणि कारभार यांची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. शत्रूकडून मिळालेले असे प्रशस्तिपत्र इतिहासात विरळाच.

त्याने उभारलेले राज्य त्याच्यानंतर दहा वर्षेच टिकले आणि त्याचा शेवट याच तीन किल्ल्यांवर लिहिला गेला. मुलगा फत्तेखान बापाच्या अधिकाराचा वारस होता, धोरणाचा नव्हता. निजामशहाने त्याला कैदेत टाकले. सुटल्यावर त्याने निजामशहालाच संपवले. दरम्यान १६३१ मध्ये शाहजहानचा सरदार नसीरीखान याने कंधारला वेढा दिला. चार महिन्यांहून अधिक काळ किल्ला झुंजला. अखेर सुरुंगांनी तट फोडले गेले, बाहेरून आलेली मदत परतवली गेली आणि कंधार मोगलांच्या हाती पडले. १६३३ मध्ये फत्तेखानाने दौलताबाद सोडले. पुढे नसीरीखानाला खान-ए-दौरान हा किताब मिळाला आणि १६३६ मध्ये त्यानेच उदगीर आणि औसा घेतले. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह होता, अंबरसारखाच हबशी. त्याने नेटाने किल्ला लढवला आणि शेवटी मोगलांची चाकरी पत्करली. त्याच वर्षी माहुलीला शहाजीराजांनी शस्त्र खाली ठेवले आणि निजामशाही संपली.

त्याबरोबर या किल्ल्यांचे प्रयोजनही ओसरू लागले. सरहद्द दक्षिणेकडे सरकली. १६८६ आणि १६८७ मध्ये विजापूर आणि गोवळकोंडा बुडाल्यावर तर ज्या राज्यांच्या मध्ये हे कोट उभे होते, ती राज्येच उरली नाहीत. उदगीरने १७६० मध्ये पुन्हा एकदा रणवाद्ये ऐकली. सदाशिवरावभाऊंनी तेथे निजामाला नमवले आणि त्याच यशाच्या बळावर ते वर्षभरात पानिपतावर गेले. कंधारच्या वाट्याला तेवढेही आले नाही. निजामाच्या राज्यात ते आतल्या मुलखातले एक ठाणे झाले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि खंदकाचे पाणी अडवायचे तरी कोणाला, हा प्रश्नच उरला नाही. किल्ला पाडावा लागला नाही. सीमा निघून गेली आणि तो आपोआप रिकामा झाला.

खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे, जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिची. तेथे आजही लोक जातात. नांदेडच्या रणाची खूण मात्र शहराच्या वस्तीत कुठेच दिसत नाही आणि औशाच्या माळावर सासरा-जावई समोरासमोर आल्याची आठवण कोणी सांगत नाही. उरला आहे तो कंधारचा कोट. तो अंबरने बांधला नाही, तेथे त्याने दरबारही भरवला नाही. पण ज्या वर्षी त्याच्यापाशी राज्य होते आणि घर नव्हते, त्या वर्षी या तटांनी त्याची माणसे सांभाळली. कंधारच्या भिंती पाहायला जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तरी त्या ओसाड चौथऱ्यांना पुन्हा थोडी वस्ती येईल.